‘चालतंय न्हवं?’ म्हणणाऱ्या मालकांना काय सांगू?

प्रश्न : मी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात काम करते. नेमणूक अकाउंट्सची, पण बी.कॉम.च्या जोडीला कॉम्प्युटरचा कोर्स केलेला म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात पडला. मेलसाठी मायक्रोसॉफ्टचं एक्स्चेंज २०१६ आहे, ८५ मेलबॉक्स, आणि खाली विंडोज सर्व्हर २०१२ आर२. ड्रॉइंग्ज ठेवायला आणि चौघांनी मिळून एकच शीट भरायला लॉकडाउनमध्ये एका व्हेंडरने नेक्स्टक्लाउड बसवून दिलं, आवृत्ती २०. तो व्हेंडर आता फोन उचलत नाही. मार्च २०२१ च्या अखेरीस बातम्या वाचून मी एक्स्चेंजचं सुरक्षा अपडेट उतरवलं आणि फाइलवर डबल क्लिक केलं. ते शेवटपर्यंत गेलं, एरर काही आली नाही, पण नंतर वेबमेल उघडेना. दीड दिवस बंद. मालक सगळ्यांसमोर बोलले. तेव्हापासून मी सर्व्हरला हात लावलेला नाही. मालकांचं एकच म्हणणं, “चालतंय न्हवं? मग कशाला बोट घालतीस?” आता आमच्या मोठ्या ग्राहक कंपनीकडून सुरक्षेची प्रश्नावली आली आहे. प्रश्न १४ असा : मेल सर्व्हरला शेवटचं सुरक्षा अपडेट कधी केलं? मालक म्हणतात, “दर महिन्याला करतो म्हणून लिहून टाक.” सही माझी आहे. महिनाअखेरीला द्यायचं आहे. काय करू?
— शिरोलीची एक वाचक

उत्तर : ताई, आधी २०२१ चा तो दीड दिवस तुमच्या डोक्यावरून उतरवू या. तुम्ही इतकी वर्षं तो स्वतःची चूक म्हणून वागवताय, आणि बाकीचं सगळं त्यातूनच आलंय.

त्या काळात एक्स्चेंजची सुरक्षा अपडेट्स ‘एमएसपी’ फाइलच्या रूपात यायची. त्या फाइलवर नुसतं डबल क्लिक केलं, तर ती प्रशासकाच्या पूर्ण अधिकारांशिवाय चालायची. काही सेवा नीट थांबायच्या नाहीत, काही फाइल्स बदलल्या जायच्या नाहीत, आणि तरीही स्क्रीनवर सगळं सुरळीत झाल्यासारखं दिसायचं. मग वेबमेल आणि प्रशासनाचं पान, दोन्ही बंद पडायची. हे इतक्या जणांचं झालं होतं, की मायक्रोसॉफ्टच्या सूचनांतच ही अडचण छापलेली होती. ‘रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर’ने कमांड प्रॉम्प्ट उघडून तीच फाइल तिथून चालवायची, एवढाच उपाय होता. पुढे मे २०२२ पासून त्यांनी अपडेटची फाइलच अशी द्यायला सुरुवात केली, की ती अधिकार स्वतःहून मागते. कंपनीलाच जी पद्धत बदलावी लागली, तिचा दोष तुम्ही एकटीने का घ्यायचा? त्या महिन्यात बातमी वाचून स्वतःहून अपडेट शोधणारी अकाउंट्समधली बाई किती ऑफिसांत असेल? तुमच्या ऑफिसात होती, आणि तिला बोलणी खावी लागली. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता जरा कठीण बोलतो.

ती बातमी एक्स्चेंजच्या सुरक्षेतल्या ज्या भगदाडाची होती, त्याला ‘प्रॉक्सीलॉगॉन’ म्हणतात. दुरुस्ती २ मार्च २०२१ ला आली, पण जानेवारीपासूनच हल्लेखोर त्यातून आत शिरत होते. दुरुस्ती आल्यावर तर झुंबडच उडाली. नॉर्वेच्या संसदेचा मेल सर्व्हर त्यात सापडला, युरोपियन बँकिंग अथॉरिटीला आपली मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. आत शिरलेले लोक सर्व्हरच्या वेब फोल्डरात एक छोटी फाइल ठेवून जायचे, तिला वेब शेल म्हणतात. म्हणजे चोराने एकदा खिडकीतून येऊन मागच्या दाराची किल्ली करून घ्यायची. मग तुम्ही खिडकीला गज बसवलेत तरी त्याचं अडत नाही. अमेरिकेत एप्रिल २०२१ मध्ये एफबीआयने न्यायालयाची परवानगी घेऊन शेकडो सर्व्हरांवरची अशी वेब शेल स्वतः काढली.

तुमचा सर्व्हर मार्चच्या अखेरपर्यंत उघडा होता, आणि अपडेटही बहुधा अर्धंच बसलं. म्हणून कोणी आत येऊन गेलंय का, हे बघणं आधी, नवीन अपडेट नंतर. ‘इनेटपब’खालचं ‘एएसपीनेट क्लायंट’ फोल्डर आणि एक्स्चेंजच्या वेबमेलचं ‘ऑथ’ फोल्डर, या दोन जागी जा. फाइल्स तारखेप्रमाणे लावा. निरर्थक अक्षरांच्या नावाची, शेवटी एएसपीएक्स असलेली आणि जानेवारी ते मार्च २०२१ च्या आसपासची फाइल दिसली, तर ती उघडू नका, पुसू नका. नेटवर्कची केबल काढा, पण मशीन बंद करू नका, कारण चालू मेमरीतही पुरावा असतो. मग या कामातला माणूस बोलवा. शिवाय २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत सर्ट-इनला, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला, कळवणं बंधनकारक आहे. कळवायचं कोणी आणि कसं, हे मालकांशी आजच बोलून ठेवा, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

मायक्रोसॉफ्टने त्या वेळी तपासणीची एक स्क्रिप्टही दिली होती. ती जरूर चालवा, पण ती सर्व्हरच्या नोंदी वाचते, आणि इतक्या जुन्या नोंदी केव्हाच पुसल्या गेल्या असतील. त्यामुळे ती ‘काही सापडलं नाही’ म्हणाली, तर त्यावर विसंबू नका. फाइल्स डोळ्यांनी बघाच. प्रशासकाच्या खात्यांची यादीही काढा. जे नाव तुम्ही दिलेलं नाही आणि त्या व्हेंडरच्या माणसाचंही नाही, त्याच्याकडे संशयाने बघा. आणि व्हेंडरचं जे खातं असेल, ते आजच बंद करा. जो फोन उचलत नाही, त्याच्याकडे तुमच्या सर्व्हरची किल्ली कशाला?

दुसरं काम आज संध्याकाळचं, आणि त्याला एक रुपया लागत नाही. तुमचा फायरवॉल, म्हणजे इंटरनेट आणि ऑफिस यांच्यामधला पहारेकरी, जो बघतो, त्याला सांगून बाहेरून वेबच्या, म्हणजे ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर मेल सर्व्हरपर्यंत येणारी वाट बंद करा. मेल येण्या-जाण्याची वाट वेगळी असते, पोर्ट २५ ची. ती चालू राहील. वेबमेल ऑफिसाच्या आत चालेल, आणि बाहेरच्यांनी व्हीपीएनमधून, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कात येणाऱ्या सुरक्षित खासगी वाटेने, यायचं. प्रॉक्सीलॉगॉन आणि त्याच्या पाठोपाठचे बहुतेक मोठे हल्ले ४४३ वरूनच आले. सर्व्हर जुना आहे तोवर त्याला रस्त्यावर उभा करायचा नाही, एवढंच यामागचं कारण आहे. मात्र एक होईल. मालकांच्या मोबाइलवर घरी मेल येणं थांबेल. म्हणून त्यांच्या फोनवर व्हीपीएन आधी बसवून द्या, दोनदा चालवून दाखवा, आणि मगच वाट बंद करा. नाहीतर रात्री ९ ला फोन येईल आणि वाट पुन्हा उघडावी लागेल.

आता बॅकअप. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण तुम्हाला अपडेटची भीती वाटते असं तुम्हाला वाटतं, पण मला ती वेगळीच दिसते. बिघडलं तर मागे फिरायची वाट आहे की नाही, हे तुम्हाला माहीत नाही. त्याची भीती आहे ती. ती वाट एकदा पायाखालून गेली, की हात थरथरत नाही.

हे मी एका शिक्षण संस्थेत शिकलो. तिथला मेल सर्व्हर मी सांभाळायचो. रोज सकाळी बॅकअपचा अहवाल यायचा, रोज हिरवी खूण. एका रविवारी अपडेट लावताना डिस्कने मान टाकली. मी शांत होतो, बॅकअप होता ना. उघडला, तर त्यात एक जुनं, रिकामं फोल्डर होतं. वर्षभरापूर्वी डिस्क बदलली तेव्हा डेटाबेस दुसऱ्या ड्राइव्हवर गेला होता, आणि बॅकअपचा पत्ता मी बदलला नव्हता. त्या रिकाम्या फोल्डराचा बॅकअप रोज इमानेइतबारे होत होता, म्हणून खूण हिरवी होती. कितीतरी शिक्षकांची वर्षभराची पत्रं गेली. एका प्राध्यापक बाईंनी आपल्या संशोधनावरचा सगळा पत्रव्यवहार त्यात ठेवला होता. त्या काही बोलल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. ते मला आजही दिसतं.

म्हणून सांगतो, हिरवी खूण म्हणजे बॅकअप नव्हे. परत आणून बघितलेला तो बॅकअप. एक्स्चेंजच्या मॅनेजमेंट शेलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, डेटाबेसची सद्यःस्थिती मागितलीत, की शेवटचा पूर्ण बॅकअप कधी झाला ती तारीख दिसते. ती जागा कोरी असेल, तर एक्स्चेंजला समजेल असा बॅकअप कधी झालेलाच नाही, मग बाहेरच्या हार्ड डिस्कवर काहीही कॉपी होत असो. दुसरी खूण म्हणजे डेटाबेसच्या लॉग फाइल्स. नीट बॅकअप झाला की त्या साफ होतात. त्या वर्षानुवर्षं साठून डिस्क भरत आली असेल, तर उत्तर तुमच्यासमोरच आहे. आणि खरी परीक्षा अशी घ्या : तुमची स्वतःची मेलबॉक्स बॅकअपमधून रिकव्हरी डेटाबेसवर, म्हणजे चालू डेटाबेसला धक्का न लावता उघडायच्या वेगळ्या जागी, परत आणा आणि त्यात गेल्या दिवाळीतलं एखादं पत्र शोधा. सापडलं, की किती वेळ लागला ते वहीत लिहा. ‘बिघडलं तर किती वेळ बंद राहील?’ असं मालकांनी विचारलं, की हाच आकडा सांगायचा.

सर्व्हर आभासी मशीनवर असेल, तर कोणीतरी म्हणेल, “स्नॅपशॉट घे आणि हो पुढे.” म्हणजे मशीनची त्या क्षणाची प्रत ठेवायची, बिघडलं तर तिच्यावर परत जायचं. एक्स्चेंजच्या बाबतीत हे ऐकू नका. त्याची अर्धी माहिती अॅक्टिव्ह डिरेक्टरीत, म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या खात्यांच्या मध्यवर्ती नोंदवहीत, असते. एकट्या मशीनला कालच्या दिवसावर नेलं, तर बाकीचं जग आजच्या दिवसात राहतं. बॅकअपची डिस्कही कायम जोडून ठेवू नका. खंडणीखोर व्हायरस आला, तर जोडलेलं सगळं एका दमात कुलूपबंद करतो.

मालकांशी बोलायचं म्हणता, तर मी त्यांच्या जागी बसून विचार केला. फाउंड्री चालवणारा माणूस ‘चालतंय न्हवं’ हे भट्टीबद्दल कधी म्हणतो का? इंडक्शन भट्टीचं अस्तर रॅमिंग मासचं असतं. प्रत्येक हीटला, म्हणजे धातू वितळवायच्या प्रत्येक फेरीला, ते थोडं थोडं झिजतं. बाहेरून भट्टी अगदी नीट चालत असते, धातू वितळतोय, ओतकाम होतंय. तरी मालक हीट मोजतात, ठरलेल्या आकड्यानंतर भट्टी थांबवून अस्तर बदलतात आणि मधूनमधून त्याला पॅचिंग करतात. हा शब्द त्यांचाच आहे, आम्ही कॉम्प्युटरवालेही तोच वापरतो. अस्तर फुटून वितळलेलं लोखंड पाण्याच्या कॉइलला लागलं तर काय होतं, हे त्यांना मी सांगायला नको. त्यांना एवढंच विचारा : “सर, भट्टी चालतीय तोवर अस्तर नाही बदलायचं, असं करतो का आपण?” आणि सगळ्यांसमोर नको. केबिनमध्ये, चहाच्या वेळी.

हवं तर न्हावा-शेव्याची गोष्ट सांगा. कोल्हापूरचं कास्टिंग परदेशी जायचं तर त्या बंदराशी गाठ पडतेच. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि जेएनपीटीतल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. त्या टर्मिनलमागच्या मर्स्क समूहाचे संगणक जगभर बंद पडले होते. तो ज्या भगदाडातून पसरला, त्याची दुरुस्ती १४ मार्चलाच आली होती, साडेतीन महिने आधी. पण अर्धीच गोष्ट सांगू नका. तो व्हायरस पहिल्यांदा बाहेर पडला तो युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून, आणि चोरलेले पासवर्ड वापरून तो दुरुस्त केलेल्या मशीनांतही शिरत होता. म्हणजे मालकांचा संशय अगदीच निराधार नाही. अपडेटनेही घात होतो.

होतोच. १ जानेवारी २०२२ ला जगभरच्या एक्स्चेंज सर्व्हरांवर मेल रांगेत अडकले. व्हायरस तपासणाऱ्या भागाने त्या दिवशीच्या अपडेटला २२०१०१०००१ असा क्रमांक दिला होता, आणि आत तो साठवायच्या जागेत २१४७४८३६४७ च्या पुढचा आकडा मावतच नव्हता. नोव्हेंबर २०२४ चं सुरक्षा अपडेट १२ तारखेला आलं. काही ठिकाणी त्याने मेलचे नियम थांबवले, म्हणून ते मागे घेतलं गेलं आणि २७ तारखेला पुन्हा आलं. पण उलट बाजूही बघा. जुलै २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच शेअरपॉइंट या फाइल्स वाटून घ्यायच्या सर्व्हरची दुरुस्ती ८ तारखेला आली. ती अपुरी निघाली, आणि १८ तारखेला तिला वळसा घालणारे हल्ले उघडकीला आले. तातडीची नवी दुरुस्ती निघेपर्यंत २० तारीख उजाडली. त्यातही हल्लेखोर सर्व्हरच्या गुप्त चाव्या उचलून नेत होते, म्हणून दुरुस्ती लावून पुन्हा त्या चाव्या बदलाव्या लागल्या.

हे सगळं बघून मी एक साधा नेम धरलाय, तोच तुम्हाला देतो. मायक्रोसॉफ्टची अपडेट्स महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा किंवा साडेअकरा वाजलेले असतात, म्हणून बुधवारी सकाळी चहाबरोबर सूचना वाचायची. ‘या भगदाडाचा प्रत्यक्ष वापर होतोय’ असं लिहिलं असेल, तर त्याच रात्री काम. नसेल, तर चार दिवस थांबायचं, इतरांच्या तक्रारी ऐकायच्या आणि त्यानंतरच्या रविवारी, किंवा तुमची आठवड्याची सुट्टी असेल त्या दिवशी, सकाळी लावायचं. सकाळीच. रात्री काही अडलं, तर मदतीला कोणी नसतं आणि डोकंही चालत नाही. लाइट जाणार नाही ना, यूपीएस किती वेळ तग धरतो, हे आधी बघायचं. मालकांकडून वर्षभराच्या त्या बारा तारखा एकदाच लिहून घ्या. दर महिन्याला परवानगी मागायला लागलात, तर तिसऱ्या महिन्यात ती मिळणार नाही.

पण हा नेम नव्या सर्व्हरसाठी. जुन्यासाठी आता उशीर झालाय. विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा आधार १० ऑक्टोबर २०२३ ला संपला, एक्स्चेंज २०१६ चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. तुम्ही सगळं बिनचूक केलंत, तरी या जोडीला नेहमीच्या वाटेने नवीन दुरुस्ती मिळत नाही. हलायलाच हवं.

हलायचं कुठे? माझं मत स्पष्ट आहे. ८५ मेलबॉक्स आणि सांभाळायला अकाउंट्समधली एकच व्यक्ती, तीही अर्धा वेळ, अशा ठिकाणी मेल सर्व्हर ऑफिसात ठेवू नये. भाड्याची मेलसेवा घ्या. झोहो, गूगल, मायक्रोसॉफ्ट, कोणतीही. वर्षाचा खर्च नवीन मशीन, विंडोजचं लायसन्स, एक्स्चेंजचं लायसन्स आणि तुमचे रविवार यांच्याशेजारी मांडून मालकांना दाखवा. अकाउंट्समध्ये आहात, तक्ता तुम्ही माझ्यापेक्षा सुरेख कराल. स्वतःच्या हातात सर्व्हर असल्याचं समाधान मला कळतं. मी ते वीसेक वर्षं उपभोगलंय. पण त्याला पूर्ण वेळ देणारा माणूस लागतो.

तरीही मालक म्हणाले, मेल बाहेर जाता कामा नये, तर वाट आहे. १ जुलै २०२५ ला एक्स्चेंजची ‘सबस्क्रिप्शन एडिशन’ आली. २०१६ वरून ती जागच्या जागी चढत नाही. नवीन विंडोज सर्व्हरवर ती शेजारी बसवायची, मेलबॉक्स एकेक करून हलवायच्या, आणि शेवटी जुनं एक्स्चेंज रीतसर अनइन्स्टॉल करायचं. नुसतं बंद करून कोपऱ्यात ठेवलंत, तर त्याचं नाव डिरेक्टरीत तसंच राहतं आणि पुढे त्रास देतं. त्याआधी जुन्याला त्याच्या शेवटच्या संचयी अपडेटवर, म्हणजे सीयू२३ वर आणावं लागेल. तिथे एक दिलासा आहे. संचयी म्हणजे मागचं सगळं त्यात असतंच, मधल्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत. बिल्ड क्रमांक १५.१.२५०७ ने सुरू झाला, की सीयू२३ बसलं. मात्र त्या क्रमांकात वरची सुरक्षा अपडेट्स दिसत नाहीत. ती बघायला मायक्रोसॉफ्टची ‘हेल्थ चेकर’ स्क्रिप्ट चालवा. तिच्या अहवालातलं लाल आधी, पिवळं नंतर. आणि लक्षात ठेवा, सुरक्षा अपडेट काढून टाकता येतं, संचयी अपडेट नाही. म्हणून बॅकअपची परीक्षा झाल्याशिवाय सीयू२३ ला हात लावायचा नाही. सुरुवातीला सांगितलेल्या त्या दोन फोल्डरांत संशयास्पद काही सापडलं असेल, तर मात्र या भागातलं काहीच तुम्ही एकटीने करू नका.

नेक्स्टक्लाउडचं उलट आहे. तिथे मोठी आवृत्ती गाळता येत नाही. २० वरून २१, मग २२, अशी प्रत्येक पायरी चढावी लागते, आणि नेक्स्टक्लाउड ज्या पीएचपीवर चालतं, त्याची जुनी ७.४ आवृत्ती २६ च्या पायरीवर चालत नाही, म्हणून त्याआधी थांबून पीएचपीही बदलायचं. दोन-तीन रविवार जातील. तुमचं पत्र वाचून मला वाटतं, हा खटाटोप नकोच. थोडेच लोक वापरतात आणि आत मुख्यतः ड्रॉइंग्ज आहेत. नवीन लिनक्स मशीनवर आजची आवृत्ती कोरी बसवा, फाइल्स त्यात आणा, वापरणाऱ्यांची खाती नव्याने करा. जुने शेअर आणि शेरे जातील, ते चालेल. शीट एकत्र भरायचा जो जोडभाग असेल, कोलाबोरा किंवा ओन्लीऑफिस, तो नव्या आवृत्तीला जुळणाराच घ्या. नेक्स्टक्लाउडच्या एका मोठ्या आवृत्तीला साधारण वर्षभरच आधार मिळतो, आणि वर्षात एकाहून जास्त मोठ्या आवृत्त्या येतात, म्हणून वर्षातून निदान दोनदा, समजा मार्च एंडची धामधूम सरली की एप्रिलमध्ये आणि पुन्हा सहा महिन्यांनी, तोवर आलेली प्रत्येक पायरी चढायचीच असं ठरवून टाका.

एक वही करा, कागदाची. तारीख, काय लावलं, आधीचा क्रमांक, नंतरचा क्रमांक, किती वेळ बंद होतं, कोणी परवानगी दिली. उद्या तुम्ही ही नोकरी सोडलीत, तर तुमच्या जागी येणाऱ्या मुलीला तुमच्यासारखं अंधारात उभं राहावं लागू नये.

आणि आता प्रश्न १४. खोटं लिहू नका. मालकांचा राग मला कळतो, ऑर्डर जाईल याची धास्ती आहे त्यांना. पण सही तुमची आहे, आणि ती कंपनी तुमच्यावर विसंबून तिची ड्रॉइंग्ज पाठवते. उद्या ती बाहेर फुटली, तर ‘दर महिन्याला करतो’ हे वाक्य आणि तुमची सही, दोन्ही त्यांच्या फायलीत असतील. शिवाय मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांचे सर्व्हर बाहेरून तपासून घेतात, आणि एक्स्चेंजची आवृत्ती बाहेरून ओळखता येते. पकडलेलं खोटं ऑर्डर घालवतं. तारखेसकट सांगितलेली अडचण सहसा घालवत नाही, कारण समोरच्या विभागालाही फायलीत लावायला एक योजनाच हवी असते. मालकांनी तरीही आग्रह धरला, तर शांतपणे म्हणा, “सर, मग या कागदावर तुम्ही सही करा.” तुमच्या ठामपणाला तेवढं पुरेल, आणि बहुतेक वेळा कागद तिथेच थांबतो.

फॉर्मवर लिहायला मजकूर देतो. पोर्ट बंद केल्यावर आणि बॅकअपमधलं ते पत्र सापडल्यावर रिकाम्या जागा भरा आणि इंग्रजीत करून घ्या :

“आमच्या मेल सर्व्हरवर शेवटचं सुरक्षा अपडेट मार्च २०२१ मध्ये करण्यात आलं. या आवृत्तीचा उत्पादकाचा आधार संपलेला आहे. दिनांक ____ पासून या सर्व्हरचा बाहेरून येणारा वेब प्रवेश बंद केला असून तो फक्त व्हीपीएनमधून उपलब्ध आहे. घुसखोरीच्या खुणांसाठी सर्व्हरची तपासणी दिनांक ____ रोजी केली. निष्कर्ष सोबत जोडला आहे. बॅकअपमधून माहिती परत आणण्याची चाचणी दिनांक ____ रोजी यशस्वी झाली. दिनांक ____ पर्यंत सर्व मेलबॉक्स आधार असलेल्या यंत्रणेवर हलवण्यात येतील. त्यानंतर सुरक्षा अपडेट्स दरमहा करण्यात येतील व त्यांची नोंद मागितल्यास सादर केली जाईल.”